चौसष्ट कला आणि तीन फासे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती नुकतीच झाली आहे, प्रसादाची ताटं मागे मांडली आहेत आणि त्यांचा वास इथपर्यंत येतो आहे. अशा वेळी बोलणाऱ्याने फार लांबण लावू नये एवढं आम्हाला कळतं. पण विषय खेळाचा आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी याच सभागृहाच्या कोपऱ्यात आम्ही एक टेबल मांडतो. आम्ही चार मोठी माणसं आणि सहा-सात मुलं. टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि एक हाताने काढलेला जुन्या सुरतेचा नकाशा. येता-जाता तुम्ही पाहता. कुणी विचारतं, पत्ते आहेत का? एका आजोबांनी फासे पाहून जरा कडक आवाजातच विचारलं होतं, "मंडळाच्या जागेत जुगार?" तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर आज देतो.

या खेळाला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही आपलं भूमिकांचा खेळ म्हणतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: "रात्र झाली आहे, नदीला पाणी आहे, पलीकडे दिवा दिसतो आहे. काय करता?" मुलं म्हणतात, पोहून जातो. आता तो पोहून पोचला की वाहून गेला, हे कोण ठरवणार? सूत्रधाराने ठरवलं तर मुलं म्हणणार पक्षपात झाला. मुलांनी ठरवलं तर सगळेच पोचणार. म्हणून नियम आणि फासे. पात्राच्या कागदावर त्याला काय किती येतं ते आकड्यांत लिहिलेलं असतं, फासा पडतो आणि दोन्ही मिळून निकाल लागतो.

आपल्याला हे अगदी परकं नाही. महाभारतातलं विराटपर्व आठवा. अज्ञातवासात जाताना पांडव बसून ठरवतात की कोणी काय व्हायचं. युधिष्ठिर द्यूत जाणणारा कंक होतो, भीम बल्लव नावाचा आचारी, अर्जुन नृत्य शिकवणारी बृहन्नडा, नकुल घोड्यांचा जाणकार ग्रंथिक, सहदेव गाईंचा जाणकार तंतिपाल आणि द्रौपदी सैरंध्री. प्रत्येकाने आपल्याला काय येतं ते पाहून भूमिका घेतली. आमची मुलं पहिल्या दिवशी टेबलाशी बसून नेमकं हेच करतात.

आणि ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत तो चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती आहे. चौसष्ट कला म्हणजे काय? माणसाला काय काय येऊ शकतं याची यादीच ती. वात्स्यायनाच्या कामसूत्रातली यादी पाहिली तर तिच्यात गायन आहे, स्वयंपाक आहे, माळा गुंफणं आहे, कोडी घालणं आहे, देशोदेशीच्या भाषा जाणणं आहे, आणि आजोबांनी रागावू नये, द्यूत आणि फाशांचा खेळही आहे. या यादीचीच गोष्ट आज सांगायची आहे. खेळ लिहिणाऱ्यांनी गेल्या पन्नास वर्षांत माणसाच्या अंगच्या गुणांची यादी वेगवेगळ्या तऱ्हेने केली. यादी बदलली की खेळणारी माणसं बदलतात, हे आम्ही याच टेबलावर पाहिलं आणि त्यात आमची एक मोठी चूकही झाली.

सुरुवात १९७४ सालची. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. तीन छोट्या पुस्तिका, पहिली छपाई एक हजार प्रतींची. टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून लढाया खेळायचा छंद तिकडे आधीपासून होता, त्यातून हे निघालं. फौजेऐवजी प्रत्येकाकडे एकच माणूस आला. त्या माणसाच्या कागदावर सहा गुण: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल ती नशिबाची. मग पेशा निवडायचा. पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि देवाधर्माचा माणूस.

या पद्धतीचा फायदा असा की नवखा माणूस पाच मिनिटांत खेळायला बसतो. "मी लढवय्या" म्हटलं की सगळं आलं. आणि प्रत्येकाची टोळीत जागा ठरलेली असते. जखम झाली की देवाधर्माच्या माणसाकडे जायचं, दरवाजा फोडायचा तर लढवय्याने पुढे व्हायचं. कुणी रिकामा बसत नाही.

तोटाही तिथेच आहे. पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, एका पुरवणीत चौथा पेशा आला, चोर. कुलूप उघडणं, भिंत चढणं, सावलीत लपणं ही त्याची कामं, आणि ती त्याला किती टक्के साधतात याचा तक्ता छापला गेला. तोपर्यंत लपायचं कुणीही म्हणू शकत होतं. लढवय्या म्हणायचा, मी खांबाआड उभा राहतो, आणि सूत्रधार विचार करून हो किंवा नाही म्हणायचा. चोराच्या कागदावर 'लपणे' लिहिलं गेलं आणि बाकीच्यांना वाटू लागलं की ते आपलं काम नव्हे. कुणी मनाई केली नव्हती. पण एकाच्या नावावर लिहिलं की दुसऱ्याच्या हातून ते आपोआप सुटतं. हे ऐकताना आपल्याला काही आठवलं तर नवल नाही. पेशावार वाटणी काय करते हे आपल्या समाजाने खेळाबाहेर पुरेसं पाहिलं आहे. त्या हिशेबाने भीम हा लढवय्या, त्याच्या कागदावर स्वयंपाकाला जागा नाही. मग विराटाघरी बल्लव कोण होणार?

म्हणून दुसरी वाट निघाली. पेशा नकोच, सरळ कौशल्यांची यादी करा. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या खेळात पात्र आधी नोकरी करतं. चार-चार वर्षांचे टप्पे, प्रत्येक टप्प्यात काहीतरी शिकायला मिळतं. मूळ नियमांत तर खेळ सुरू व्हायच्या आधी, त्या नोकरीतच पात्र मरू शकत असे. आमच्या मुलांना हे सांगितल्यावर ती इतकी हसली की अर्धा तास तेच खेळत बसली. १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' आला. त्यात प्रत्येक कौशल्याला टक्के दिले. पोहणं ४० टक्के म्हणजे शंभरात ४० किंवा खाली पडलं तर जमलं. शाळेतल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९८६ चा 'गर्प्स' आणखी पुढे गेला. तिथे नशीबच काढून टाकलं. सगळ्यांना सारखे गुण द्यायचे आणि बाजारात पिशवी घेऊन गेल्यासारखं आपल्याला हवं ते विकत घ्यायचं. तलवार इतक्या गुणांना, हिशेब इतक्या गुणांना. अंगात एखादं वैगुण्य घेतलं, म्हणजे पाय अधू, नाहीतर स्वभाव तापट, तर उलट गुण परत मिळतात.

यात भीम आचारी होऊ शकतो. पण यादी वाढत जाते. कुणाला काय येतं हे वाचण्यातच तास जातो. आणि यादी कितीही लांब केली तरी तिच्यात नसलेली गोष्ट उरतेच. आमच्यातल्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यात तलवारीचे चार प्रकार आहेत, पण भांडण मिटवणं कुठे आहे?" प्रश्न बरोबर होता.

आता फाशांकडे येऊ. नियमांचा अर्धा स्वभाव फाशांत असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पुढच्या आवृत्त्यांत, विशेषतः २००० सालापासून, वीस बाजूंचा एक फासा हे मुख्य साधन झालं. तो टाकायचा, कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि सूत्रधाराने सांगितलेली रक्कम गाठायची. एकाच फाशावर एक पडण्याची आणि वीस पडण्याची शक्यता सारखी, प्रत्येकी पाच टक्के. समजा १५ गाठायचे आहेत. काहीच न येणाऱ्याला ३० टक्के संधी, आणि ज्याचं कौशल्य पाच आहे त्याला ५५ टक्के. म्हणजे निष्णात माणूसही जवळजवळ निम्म्या वेळा आपटतो. मजा येते, आरडाओरडा होतो, पण उस्तादाला उस्ताद असल्यासारखं वाटत नाही.

'गर्प्स'मध्ये साधे तीन फासे टाकून बेरीज करतात. तीन फाशांच्या २१६ जुळण्या होतात. त्यांतल्या २७ जुळण्यांची बेरीज १० येते, पण तीनची बेरीज एकाच जुळणीची. म्हणजे दान बहुतेक वेळा मधलंच पडतं. घरी सारीपाट खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सहा कवड्या टाकल्या तर दोन, तीन, चार उताण्या पडतात. सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या क्वचितच पडतात, म्हणून तर पच्चीस पडले की घर डोक्यावर घेतात. कवड्यांना आणि चिंचोक्यांना जे माहीत होतं तेच हे.

आणि यातून एक चांगली गोष्ट निघते. तीन फाशांवर कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा त्याखाली पाडायचं असेल, तर ज्याचं कौशल्य १० आहे त्याला ५० टक्के संधी असते. ते १२ केलं की ७४ टक्के. पण १४ चं १६ केलं तर ९१ वरून ९८ टक्के एवढंच. नवशिक्याने थोडं शिकलं तर फार फरक पडतो, तरबेज माणसाला त्याच मेहनतीचं थोडं मिळतं. तबला शिकलेल्यांना विचारा, खरं आहे की नाही.

तिसरी पद्धत तुलनेने नवी. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने ती रुजवली. तिथे कौशल्यांची लांबलचक यादीच नाही. दोन फासे टाका, अंगचा गुण मिळवा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सहा किंवा कमी आले तर फसलं. आणि मधले सात, आठ, नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. गुणाचा एक आकडा मिळवला तर ३६ पैकी १० वेळा पूर्ण यश, १० वेळा अपयश आणि १६ वेळा हे मधलं. आयुष्यात बहुतेक कामं अशीच होतात, नाही का? घर मिळतं, पण पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही.

आता आमच्या टेबलाची गोष्ट. मुलांना राक्षस आणि भुयारं यांचा लवकर कंटाळा आला. तेव्हा आम्ही ठरवलं की खेळ सुरतेतच घडवायचा. काळ १६६३ सालचा शेवट. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले आणि त्यांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत पडला, हे आपल्याला माहीत आहे. सुरतेची बातमी आणणारा म्हणून बखरीत बहिर्जीचं नाव येतं. आमच्या खेळात चार-पाच हेर काही आठवडे आधी शहरात शिरतात. लुटीचा प्रसंग आम्ही खेळत नाही, खेळ आदल्या रात्री संपतो. आमच्या मुलांचे निम्मे मित्र गुजराती आहेत, त्यांतला एक कधीमधी येऊन सुरतेचा सराफ होतो आणि हेरांना बरोबर ओळखतो. हेरांची कामगिरी आम्ही रचलेली आहे, इतिहास म्हणून कुणी घरी नेऊ नये. पण शहर खरं आहे. तापीकाठचा किल्ला, इंग्रजांची आणि डचांची वखार, आणि खानदेशातून येणारा बुऱ्हाणपूरचा रस्ता. आपल्यातले किती जण नंदुरबार, अमळनेर, धरणगावाकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आहेत. मुलांना हे सांगितलं की नकाशा एकदम आपला वाटतो.

पहिला प्रसंग दरवाज्यावरचा. हेर बैलांचा तांडा घेऊन धान्याचे व्यापारी बनून आले आहेत. पहारेकरी अडवतो. आता तिन्ही पद्धतींनी हा एकच प्रसंग आम्ही खेळून पाहिला.

पेशाच्या पद्धतीत मुलांनी लगेच हेराचा पेशा असलेल्याकडे पाहिलं. तो बोलला, त्याने फासा टाकला, बाकीचे तिघे गप्प बसले. टक्क्यांच्या पद्धतीत प्रत्येकाने आपला कागद चाळला. एकाचं वेषांतर ४५, एकीचं बैलांचं ज्ञान ६०, एकाचं गुजराती ७०. मग बैलवालीने बैलाचा पाय दुखतो असा बहाणा काढला. म्हणजे कागदावर जे होतं त्यातून युक्ती सुचली. आणि दोन फाशांच्या पद्धतीत आठ पडले. पहारेकऱ्याने आत सोडलं, पण एक बैल ठेवून घेतला आणि संध्याकाळी पैसे देऊन सोडवायला सांगितलं. त्या एका बैलावर आमचे पुढचे तीन रविवार गेले.

तेव्हा कोणती पद्धत चांगली? आम्ही शेवटी खिचडी केली. कौशल्यं टक्क्यांत लिहायची, पण मोजून बारा. पाच टक्क्यांनी चुकलं तर काम होतं, पण किंमत मोजून. आणि यादीत काकूंचं 'भांडण मिटवणे' आलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आता आमची चूक सांगतो.

हे टेबल आम्ही का मांडलं? खरं कारण मराठी. आपली मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात, घरी आई मराठीत विचारते आणि मूल गुजरातीत उत्तर देतं. ते बोलतं तेव्हा आपण सगळे जण त्याचं व्याकरण तपासतो. म्हणून आम्ही एक नियम केला. पात्राच्या तोंडून चांगलं मराठी वाक्य आलं तर फाशावर दहा टक्के वाढवून द्यायचे. मध्ये गुजराती किंवा हिंदी आलं तर पाच वजा. आम्हाला वाटलं, मुलं आकड्यांसाठी मराठी बोलतील.

चार रविवारांत टेबल शांत झालं. ज्या दोन मुलींचं मराठी आधीच चांगलं होतं त्या भरभरून बोलत आणि त्यांनाच दहा-दहा टक्के मिळत. बाकीची मुलं एवढंच म्हणत: "मी फासा टाकतो." डिंडोलीहून येणारा सातवीतला एक मुलगा तर तेवढंही म्हणेना. नुसता फासा ढकलायचा. त्याचा कागद आम्ही नंतर पाहिला. गुण वाटून घेताना त्याने तलवारीला काहीच दिलं नव्हतं. सगळ्यात मोठा आकडा 'बोलणे' याच्यापुढे होता, ७५. टेबलावर सगळ्यात गप्प मुलाने सगळ्यात बोलका हेर घेतला होता.

त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "यायचं नाही म्हणतो. पण सकाळपासून फासे घेऊन बसलेला असतो."

त्या संध्याकाळी आम्हा मोठ्यांत बराच वाद झाला. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, मुलं त्यांना आजीच म्हणतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. "मराठीसाठी मंडळ आहे. इथेही मराठीला जास्त मोल नाही दिलं तर कुठे देणार?" याला उत्तर सोपं नव्हतं. दुसरे एक काका म्हणाले, "जो मुलगा भीम होतो त्याला आपण शंभर किलोची गोण उचलून दाखव म्हणतो का? नाही. कागदावर ताकद आहे, फासा पडला, उचलली. मग बोलका हेर झालेल्याने मात्र स्वतः सुरेख बोलून का दाखवायचं? ताकद पात्राची आणि वाणी मात्र पोराची, हा कुठला न्याय?"

हा प्रश्न आमच्या टेबलापुरता नाही. भूमिकांचे खेळ खेळणाऱ्यांत तो जुना वाद आहे. बोलण्याचं कौशल्य आकड्याने ठरवावं की खेळणाऱ्याच्या तोंडाने? सगळं तोंडावर सोडलं तर घरचा वाचाळ मुलगा प्रत्येक पात्र घेऊन जिंकतो. सगळं आकड्यावर सोडलं तर कुणी बोलतच नाही, नुसते फासे खडखडतात, आणि मग तो भूमिकांचा खेळ राहत नाही. आजींनी हेच सांगितलं: "नुसता फासा टाकून मी मान्य करणार नाही. तोंड उघडलंच पाहिजे." आजी त्यात बरोबर होत्या आणि काकाही बरोबर होते.

मग नियम असा ठरला. काय बोलायचं आणि कशासाठी बोलायचं हे प्रत्येकाने स्वतः सांगायचं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. जमलं की नाही ते फक्त आकडा आणि फासा ठरवेल. चांगल्या मराठीला वाढ नाही आणि गुजरातीला वजाबाकी नाही. मराठीचा हिशेब दुसरीकडे ठेवायचा, वाढीच्या रकान्यात.

कौशल्य वाढतं कसं, यावरही खेळांचे तीन विचार आहेत. पहिल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस मारले आणि खजिना घरी आणला की अनुभवाचे गुण मिळत. साहजिकच सगळे खजिन्यामागे. 'रूनक्वेस्ट' आणि त्याच घराण्यातला १९८१ चा 'कॉल ऑफ कथुलू' यांत जे कौशल्य वापरून यश मिळालं त्याच्यापुढे खूण करतात. खेळ संपल्यावर त्या कौशल्यासाठी पुन्हा फासा टाकायचा, आणि आपल्या आकड्याच्या वर पडलं तर ते वाढतं. नीट लक्षात घ्या, वर पडलं तर. ज्याचं कौशल्य ३० आहे त्याला वाढायची संधी ७० टक्के, ज्याचं ८० आहे त्याला वीसच. कमी येणाऱ्याला वाढ लवकर. आणि २०१२ च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये तर फासा फसला की अनुभवाचा गुण मिळतो. पडला म्हणजे शिकला.

आम्ही यातलं दुसरं आणि तिसरं एकत्र केलं. प्रत्येकाच्या कागदावर 'मराठी' आणि 'गुजराती' अशी दोन कौशल्यं लिहिली, कारण सुरतेतल्या हेराला दोन्ही लागणारच. मराठीत बोलायचा प्रयत्न केला की खूण. वाक्य बरोबर की चूक हे पाहायचं नाही. खेळ चालू असताना कुणीही कुणाचं मराठी सुधारायचं नाही. हा नियम मुलांपेक्षा आम्हालाच पाळायला कठीण गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा दरवाजा होता. त्या मुलाची पाळी आली. त्याने टेबलाकडे बघतच पहारेकऱ्याला विचारलं, "भाई, बळद थाकी गया छे. पाणी क्यां मळशे?" अगदी इथल्या ढंगात, थकलेल्या माणसासारखं. पहारेकरी झालेल्या काकांना क्षणभर काय बोलावं सुचेना. फासा पडला ३२, कागदावर ७५. दरवाजा उघडला. मुलं ओरडली. आत गेल्यावर तो आपल्या साथीदारांकडे वळला आणि म्हणाला, "तो मला सोडला. चला, लवकर." व्याकरण चुकलं होतं. आजींच्या ओठांवर दुरुस्ती आलेली आम्ही पाहिली. त्यांनी ती गिळली आणि त्याच्या कागदावर मराठीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने खूण केली.

त्यानंतर तो मुलगा फाडफाड मराठी बोलू लागला, असं काही झालेलं नाही. अजूनही अडखळतो. पण बोलतो, आणि दर रविवारी येतो. 'तो मला सोडला' हे आता टेबलावर यशाचं वाक्य झालं आहे. मराठी उत्तम येणाऱ्या त्या दोन मुलीही काम जमलं की तेच म्हणतात.

आम्हाला त्यातून एवढं कळलं की दरवाज्यावरचा पहारेकरी आम्ही सुरतेच्या नकाशात शोधत होतो, आणि तो मराठीच्या दाराशी आम्हीच उभा केला होता. ज्यांनी आत यावं म्हणून टेबल मांडलं त्यांच्याकडूनच जकात घेत होतो.

शेवटी महाभारतातलीच एक गोष्ट सांगून थांबतो. वनवासात, द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर खिन्न बसला असताना बृहदश्व ऋषी त्याला नळराजाची कथा सांगतात. नळही द्यूतात राज्य घालवून बसलेला. रूप बदललेला, बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. दमयंतीच्या माहेरी, आपल्या विदर्भात, रथ भरधाव चालला असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेने मोजून दाखवतो. नळ रथ थांबवतो, खाली उतरून मोजतो, हिशेब बरोबर निघतो. मग दोघांत देवाणघेवाण ठरते. ऋतुपर्णाने नळाला फाशांचं रहस्य द्यायचं आणि नळाने त्याला घोड्यांचं. ही विद्या मिळाल्यावर नळ आपलं राज्य परत जिंकतो.

कथा संपल्यावर बृहदश्व तीच अक्षविद्या युधिष्ठिराला शिकवतात. तेव्हा विराटाच्या दरबारात कंक म्हणून फासे टाकणारा माणूस हा फाशांवरच सगळं हरून मग शिकलेला माणूस आहे. त्याच्या कागदावरचा तो आकडा हरण्यातून वाढला.

ही कथा ऐकल्यावर मुलांनीच एक नियम सुचवला. एकाने दुसऱ्याला एक शब्द शिकवला, मराठी किंवा गुजराती, तर दोघांच्याही कागदावर खूण. तो आम्ही लगेच घेतला. परवा त्या मुलाने आजींना बैलगाडीच्या भागांची गुजराती नावं सांगितली. आजींच्या कागदावर गुजरातीपुढे आता पाच खुणा आहेत आणि त्यांची वाढ सगळ्यांत वेगाने होते आहे. सुरुवात शून्यापासून होती ना.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. फासे आहेत, पण पैसे लावत नाही. जे लावतो ते कागदावर दिसतं. रविवारी दुपारी चार वाजता या. साधे तीन फासे आणि एक पेन्सिल पुरते. मुलांना पाठवा, आणि पाठवून घरी थांबू नका, स्वतःही बसा. सुरतेच्या काझीची भूमिका अजून कुणी घेतलेली नाही.

गणपती बाप्पा मोरया!